अहंकार आणि ईश्वरावलंबन : संत ऑगस्टीन व पंडिता रमाबाई यांच्या आत्मनिवेदनांच्या संदर्भात

बीजसंज्ञा : अहंकार, नम्रता, कृपा, ईश्वरावलंबन, आत्मनिवेदन, सदसद्विवेक.

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मविचारात मानवी अहंकाराला अनेक पापांपैकी एक पाप एवढेच स्थान नाही. तो इतर सर्व पापांचा उगम मानला गेला आहे. 'उत्पत्ती' या ग्रंथातील पहिल्या मानवी जोडप्याची कथा, बाबेलच्या बुरुजाची कथा, लूककृत शुभवर्तमानातील परूशी व जकातदार यांचा दृष्टान्त आणि फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील ख्रिस्ताच्या स्वेच्छेने रिक्त होण्याचे वर्णन हे सर्व संदर्भ एकाच सूत्राभोवती गुंफलेले आहेत. मनुष्य स्वतःला स्वतःचा आधार मानू लागला की त्याचे पतन होते आणि ईश्वर हाच आपला आधार आहे हे त्याने ओळखले की तो सावरतो, असे या सूत्राचे स्थूल स्वरूप सांगता येईल.

या शिकवणीविषयी एक गंभीर आक्षेपही घेतला जातो. ज्याच्या हाती सत्ता, विद्या वा संपत्ती आहे त्याला नम्रतेचा उपदेश करणे समजू शकते. परंतु ज्याला स्वतःचे असे काही कधी मिळालेच नाही, त्यालाही अहंकार सोडण्यास सांगणे म्हणजे त्याच्या दास्यावर धर्माची मोहोर उमटविणे नव्हे काय? या प्रश्नाचा विचार केवळ सिद्धान्ताच्या पातळीवर करून भागत नाही. ही शिकवण प्रत्यक्ष जगलेल्या आणि तिचा वृत्तान्त लिहून ठेवलेल्या व्यक्तींच्या लेखनात त्याचा शोध घ्यावा लागतो. त्या दृष्टीने चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिला गेलेला संत ऑगस्टीन यांचा 'कन्फेशन्स' हा ग्रंथ आणि पंडिता रमाबाई यांचे १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेले 'अ टेस्टिमनी' हे छोटेखानी आत्मनिवेदन यांचा एकत्रित विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या दोन्ही कृतींचा काळ, समाज व विस्तार भिन्न आहेत. तथापि दोन्ही कृतींचे लेखक विद्येने गाजलेले आहेत आणि दोघांनीही आपल्या आयुष्याची कथा ईश्वराकडे बोट दाखवून सांगितली आहे.

संज्ञांचा प्रश्न

मराठी वाचकासाठी प्रथम 'अहंकार' या संज्ञेचा विचार करणे आवश्यक आहे. सांख्य दर्शनात अहंकार हे महत् तत्त्वापासून निर्माण होणारे एक तत्त्व आहे; 'मी'पणाची जाणीव असा त्याचा अर्थ असून ते प्रकृतीच्या परिणामाचा भाग आहे. पुढे वेदान्त व भक्तिपरंपरेत या 'मी'चा निरास अथवा विलय हे साधनेचे लक्ष्य ठरले. ऑगस्टीन यांनी वापरलेला लॅटिन शब्द 'सुपर्बिया' हा आहे. त्याचा रोख 'मी'च्या अस्तित्वावर नसून 'मी'ने घेतलेल्या जागेवर आहे. निर्मित जीवाने निर्मात्याचे स्थान बळकावणे म्हणजे सुपर्बिया होय. तो इच्छाशक्तीचा दोष आहे, प्रकृतीचे तत्त्व नव्हे.

या भेदाचे परिणाम दूरगामी आहेत. ख्रिस्ती विचारात मनुष्याचा 'मी' नाहीसा होणे अपेक्षित नाही. त्याचे बिघडलेले नाते दुरुस्त होणे अपेक्षित आहे. योहानकृत शुभवर्तमानातील द्राक्षवेल व फाटे यांच्या प्रतिमेत फाटा वेलीत विरघळून जात नाही. तो फाटा म्हणूनच फळ देतो, मात्र वेलीपासून तुटला तर सुकतो. ईश्वरावलंबन या शब्दाचा ख्रिस्ती अर्थ या प्रतिमेतून समजून घेतला पाहिजे. येथे अवलंबन म्हणजे निष्क्रियता नव्हे, तसेच ते व्यक्तित्वाचे विसर्जनही नव्हे.

ऑगस्टीन : विद्येचा अहंकार व त्याची चिकित्सा

ऑगस्टीन यांचा जन्म इ.स. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील थागास्ते या गावी झाला. वक्तृत्वशास्त्राचे अध्यापक म्हणून कार्थेज, रोम व मिलान अशा चढत्या क्रमाने त्यांनी लौकिक मिळविला. तेरा भागांच्या 'कन्फेशन्स'मध्ये हा लौकिकाचा चढता आलेख आतून पोखरला जात असल्याचे चित्र ते रेखाटतात. संपूर्ण ग्रंथ ईश्वराला उद्देशून द्वितीय पुरुषात लिहिलेला आहे. 'कन्फेशन' या शब्दात पापाची कबुली आणि ईश्वराची स्तुती असे दोन्ही अर्थ सामावले असल्याने ग्रंथाच्या शीर्षकातच त्याची भूमिका स्पष्ट होते. येथे निवेदक स्वतःच्या कथेचा अंतिम अर्थ स्वतः ठरवीत नाही. ज्याला सर्व आधीच ठाऊक आहे अशा श्रोत्यासमोर तो बोलतो. आत्मचरित्र हा स्वभावतः अहंकाराला पोसणारा लेखनप्रकार असताना ऑगस्टीन यांनी संबोधनाच्या या योजनेद्वारे त्यालाच अहंकाराच्या तपासणीचे साधन बनविले, हे या ग्रंथाचे वाङ्मयीन वैशिष्ट्य होय.

या तपासणीतील तीन प्रसंग विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला प्रसंग सोळाव्या वर्षी मित्रांसह केलेल्या पेअर फळांच्या चोरीचा आहे. भूक नव्हती, फळेही विशेष चांगली नव्हती आणि त्यातील बहुतेक डुकरांपुढे टाकण्यात आली. इतक्या क्षुल्लक घटनेवर ऑगस्टीन एवढे पृष्ठविस्ताराने का लिहितात, असा प्रश्न वाचकाला पडतो. या कृत्याला कोणतेही लाभाचे कारण सापडत नाही, यातच त्याचे उत्तर आहे. नियम मोडण्यातून मिळणारा सर्वशक्तिमानतेचा आभास हेच त्या चोरीचे खरे सुख होते. ईश्वराच्या स्वातंत्र्याची ती विकृत नक्कल होती, असे त्यांचे विश्लेषण आहे.

दुसरा प्रसंग मिलानमधील आहे. सम्राटाच्या स्तुतिपर भाषणाची तयारी करून, त्यात पुष्कळ असत्य सांगावयाचे आहे आणि ते असत्य आहे हे जाणणारेच त्याला दाद देणार आहेत, या चिंतेत ऑगस्टीन रस्त्याने जात होते. वाटेत त्यांना मद्य पिऊन आनंदात असलेला एक भिकारी दिसला. आपण ज्या सुखासाठी एवढे कष्ट करतो ते या मनुष्याने मागून मिळविलेल्या चार नाण्यांत मिळविले, ही जाणीव त्यांना बोचली. भिकाऱ्याचे सुख खरे होते असे ते म्हणत नाहीत. परंतु आपला मान त्याहून अधिक खोटा होता, हे ते मान्य करतात. येथे अहंकार बळाच्या रूपाने दिसत नाही. तो परावलंबनाच्या रूपाने दिसतो, कारण ईश्वरावर अवलंबून राहण्यास नकार देणारा मनुष्य टाळ्या वाजविणाऱ्यांवर मात्र पूर्णतः अवलंबून असतो.

तिसरा प्रसंग वृद्ध वक्ते मारिउस व्हिक्तोरिनुस यांचा आहे. हे विद्वान खासगीत स्वतःला ख्रिस्ती म्हणवीत, पण लोकांसमोर श्रद्धेची कबुली देण्यास बराच काळ कचरत होते. ख्रिस्ती मंदिरात सामान्यजनांच्या रांगेत उभे राहणे त्यांच्या प्रतिष्ठेस मानवत नव्हते. अखेर त्यांनी सर्वांसमक्ष कबुली दिली. ही हकीकत ऐकून ऑगस्टीन विचलित झाले, कारण त्यांचा स्वतःचा अडथळाही त्याच जातीचा होता. तारुण्यात सिसेरोच्या भारदस्त गद्यापुढे त्यांना पवित्र शास्त्राची भाषा ओबडधोबड वाटली होती. पुढे नव-प्लेटोवादी ग्रंथांनी त्यांना ईश्वराच्या अमूर्त स्वरूपाचे ज्ञान दिले. पण त्या ग्रंथांत ईश्वराने मानवी देह धारण करून लीन होण्याची वार्ता नव्हती. ध्येय दिसते पण वाट सापडत नाही, अशी ती अवस्था होती. बुद्धीने शिखर गाठता येते हा विश्वासच त्यांच्या मार्गातील शेवटचा अडसर ठरला. इ.स. ३८६ मध्ये मिलानच्या बागेत तो अडसर दूर झाला आणि ३८७ च्या ईस्टरला बिशप अँब्रोज यांच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मात्र ऑगस्टीन ग्रंथ येथे संपवीत नाहीत. दहाव्या भागात, बिशप झाल्यानंतरच्या काळातही स्तुतीचा मोह सुटलेला नाही, एवढेच नव्हे तर पोकळ कीर्तीचा तिरस्कार करण्यातूनही मनुष्य पोकळ कीर्ती मिळवितो, हे ते नोंदवितात. नम्रता ही एकदा मिळवून ठेवण्याची वस्तू नाही, कारण आपण नम्र आहोत हे समाधानच तिचा नाश करते. परूशी व जकातदार यांच्या दृष्टान्ताचा हाच गाभा आहे. परूशी दुराचारी नाही. त्याचे सदाचरणच त्याला अडविते.

पेलागियसचा आक्षेप

ईश्वराने आज्ञा करावी आणि ती पाळण्याचे बळही त्यानेच द्यावे, अशा आशयाची प्रार्थना 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात येते. तिने ब्रिटनमधून रोमला आलेले तपस्वी पेलागियस अस्वस्थ झाले. रोममधील श्रीमंत ख्रिस्ती समाजाचे शैथिल्य त्यांनी पाहिले होते. सर्व काही कृपेनेच होणार असेल तर मनुष्य आपल्या आळसाला कृपेच्या अभावाचे नाव देईल, ही त्यांची चिंता निराधार म्हणता येत नाही. ईश्वराने दिलेल्या इच्छास्वातंत्र्याच्या बळावर मनुष्य सदाचरण करू शकतो, हे त्यांचे प्रतिपादन होते. इ.स. ४१८ मधील कार्थेजच्या धर्मपरिषदेने ते अमान्य केले.

या वादात ऑगस्टीन वारंवार पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील एका प्रश्नाकडे वळतात. मनुष्याजवळ असे काय आहे की जे त्याला मिळालेले नाही, असा त्या प्रश्नाचा आशय आहे. प्रयत्न व कृपा यांना परस्परांच्या विरोधात उभे करणेच त्यांना चुकीचे वाटते, कारण प्रयत्न करण्याची इच्छा हीदेखील देणगी आहे. तथापि त्यांच्या भूमिकेची एक दुर्बल बाजू इतिहासात उघड झाली. दोनातिस्त पंथीयांविरुद्ध त्यांनी साम्राज्याच्या दंडशक्तीचे समर्थन केले. मानवी इच्छाशक्तीविषयी इतका सावध असणारा विचारवंत धर्मसंस्थेच्या इच्छेविषयी तितकाच सावध राहिला नाही. व्यक्तीच्या अहंकाराची त्यांनी केलेली मर्मग्राही चिकित्सा संस्थेच्या अहंकारापाशी येऊन थांबते. हाच प्रश्न पंडिता रमाबाईंच्या जीवनात वेगळ्या रूपाने उभा राहिला.

रमाबाई : दोन प्रकारचे अवलंबन

रमाबाईंचा जन्म १८५८ मध्ये झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले आणि त्या मातेने मुलीस. कुटुंब तीर्थयात्रा व पुराणकथन यांवर जगत होते. १८७० नंतरच्या दुष्काळात आईवडील व थोरली बहीण यांचा काही महिन्यांच्या अंतराने मृत्यू झाला. या दिवसांविषयी लिहिताना रमाबाई आपल्या कुटुंबाला केवळ दैवाचे बळी म्हणून रंगवीत नाहीत. उच्च जातीचा व विद्वत्तेचा अभिमान असल्यामुळे अंगमेहनतीचे काम करणे किंवा उपासमार होत असल्याचे कबूल करणे या कुटुंबाला शक्य झाले नाही, हे त्या स्पष्टपणे सांगतात. ऑगस्टीन यांच्या लेखनात अहंकार ही मनाची सूक्ष्म अवस्था आहे. रमाबाईंच्या लेखनात तो भुकेने माणसे मारणारा सामाजिक संस्कार आहे. ख्रिस्ती अहंकार-मीमांसेत रमाबाईंनी घातलेली ही भर फारशी लक्षात घेतली गेलेली नाही.

१८७८ मध्ये कलकत्त्यात त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविण्यात आले. भाऊ व पती यांच्या निधनानंतर १८८२ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला आणि १८८३ मध्ये इंग्लंडला प्रयाण केले. तेथे वॉन्टेज येथील भगिनींच्या आश्रमात त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी या भगिनी करीत असलेले काम आणि योहानकृत शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीशी ख्रिस्ताने केलेला संवाद यांचा प्रभाव त्यांनी नमूद केला आहे. धर्मशास्त्रांनी स्त्रीला स्त्री म्हणून मोक्षाचा स्वतंत्र अधिकार नाकारला, हे त्यांचे मुख्य दुःख होते. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने ईश्वरावलंबनाचा पहिला अर्थ मध्यस्थांवाचून ईश्वरासमोर उभे राहण्याचा अधिकार असा होता.

बाप्तिस्म्यानंतर लवकरच या अधिकाराची कसोटी लागली. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला दीर्घ पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला असून तो या विषयाचा प्रथम दर्जाचा पुरावा आहे. त्रिएकत्वाचा सिद्धान्त, अथानासियन मतांगीकार, मुलगी मनोरमा हिचे शिक्षण, तरुण पुरुषांना शिकविण्याचा प्रश्न अशा अनेक बाबींवर मतभेद झाले. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द का नसावेत, असाही प्रश्न रमाबाईंनी उपस्थित केला. त्यांच्या या स्वतंत्र वृत्तीला सिस्टर जेराल्डिन यांनी गर्वाचे नाव दिले. रमाबाईंनी उत्तरादाखल कळविले त्याचा आशय असा, की भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड नुकतेच मोठ्या प्रयासाने उतरविल्यानंतर ईश्वराच्या नावाने दुसरे जोखड मानेवर घेण्याची आपली तयारी नाही. आपणास ईश्वराने सदसद्विवेकबुद्धी दिली असून तिचा वापर न करणे हीच ईश्वराची अवज्ञा ठरेल, अशी त्यांची भूमिका होती.

हा वाद दोन व्यक्तींच्या स्वभावांपुरता मर्यादित नाही. सिस्टर जेराल्डिन यांचा हेतू प्रामाणिक होता आणि ख्रिस्ती परंपरेतील आज्ञाधारकतेच्या मूल्याचा त्यांना आधारही होता. परंतु ईश्वराधीनता आणि ईश्वराच्या वतीने बोलणाऱ्यांची अधीनता या दोहोंत अंतर आहे, हे त्यांच्या युक्तिवादात सुटले. रमाबाईंच्या भूमिकेचे बळ याच अंतरात आहे. ईश्वरावर पूर्णतः अवलंबून असलेली व्यक्ती अन्य कोणावर पूर्णतः अवलंबून असू शकत नाही. म्हणूनच त्यांच्याबाबतीत ईश्वरावलंबन स्वातंत्र्याचा पाया ठरले.

'साक्षी'तील दुसरे वळण

मात्र रमाबाईंना केवळ बंडखोर ठरविणे 'अ टेस्टिमनी'च्या वाचनाशी सुसंगत होणार नाही. भारतात परतल्यावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढील वर्षी ते पुण्यास आले आणि १८९३ मध्ये धर्मप्रसाराच्या आरोपावरून त्यावर मोठे वादळ उठले. याच दशकाच्या आरंभी, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, आपणास ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे आपल्या लक्षात आल्याचे त्या सांगतात. बुद्धीला पटलेला धर्म आणि शरणागती यांतील फरक त्यांना जाणवला. ऑगस्टीन यांना नव-प्लेटोवादी ग्रंथांनंतर जे जाणवले त्याच्याशी या अनुभवाचे साम्य उघड आहे. सिस्टर जेराल्डिन यांच्यापुढे जो 'मी' वाकला नाही, तो ईश्वरापुढे वाकला. या दोन्ही कृतींत विरोध नाही, उलट पहिल्या कृतीमुळे दुसरीला प्रामाणिकता लाभते.

या शरणागतीचे व्यवहारातील रूपही त्यांनी सांगितले आहे. जॉर्ज म्युलर, हडसन टेलर यांसारख्यांची चरित्रे वाचून, केवळ ईश्वरावर विसंबून भारतात असे काम चालविता येईल काय, असा विचार त्यांच्या मनात आला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रिया आणून पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आश्रय दिला. ज्या दुष्काळाने त्यांचे कुटुंब नेले त्याच संकटातून त्या इतरांना वाचवीत होत्या. मुक्ती सदनात शेती, विणकाम, छपाई यांसारखी कामे स्त्रिया स्वतः करीत. अंगमेहनतीस कमी लेखणाऱ्या जात्यभिमानाला हे प्रत्यक्ष उत्तर होते. हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून रमाबाईंनी १९२२ मधील मृत्यूपर्यंत बायबलचे मराठी भाषांतर सिद्धीस नेले. अवलंबन व उद्यम यांत त्यांना कोठेही विरोध दिसला नाही. पेलागियस यांच्या आक्षेपाला युक्तिवादापेक्षा हे आयुष्य अधिक समर्पक उत्तर देते.

वाङ्मयीन दृष्टीने 'अ टेस्टिमनी'ला काही मर्यादा आहेत. साक्ष या लेखनप्रकाराच्या दंडकामुळे जे काही घडले त्याचे श्रेय ईश्वराला देत जाताना रमाबाई स्वतःच्या कर्तृत्वाचा तपशील पुष्कळदा एका वाक्यात आटोपतात. 'कन्फेशन्स'मधील आत्मपरीक्षणाची सूक्ष्मता येथे नाही. पूर्वायुष्यातील धर्मपरंपरेचे चित्रणही एका बाजूचे आहे. ज्या भक्तिपरंपरेने स्त्रियांना वाणी दिली तिची दखल त्यात फारशी नाही. असे असले तरी साध्या, अलंकाररहित गद्यातील तिचा प्रामाणिकपणा वाचकाला पटतो.

आधुनिक चिकित्सेच्या प्रकाशात

विसाव्या शतकात राइनहोल्ड नीबूर यांनी 'द नेचर अँड डेस्टिनी ऑफ मॅन' या ग्रंथात सत्तेचा, ज्ञानाचा व सद्गुणाचा अहंकार असे प्रकार मांडून ऑगस्टीनच्या परंपरेला राष्ट्रे व समूह यांच्या पातळीवर नेले. १९६० मध्ये व्हॅलेरी सेव्हिंग यांनी या संपूर्ण परंपरेलाच प्रश्न विचारला. अहंकार हे मूळ पाप मानणारे धर्मचिंतन पुरुषांच्या अनुभवावर बेतलेले आहे. स्त्रीचा धोका बहुधा स्वत्वाच्या अतिरेकाचा नसून स्वत्व न घडण्याचा असतो. तिला आत्मत्यागाचा उपदेश करणे म्हणजे तिच्या व्याधीलाच औषध म्हणून देणे होय, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे.

प्रस्तावनेत नोंदविलेल्या आक्षेपाचे हे अधिक काटेकोर रूप आहे आणि ते सहज बाजूस सारता येणार नाही. रमाबाईंचे उदाहरण या आक्षेपाला एकाच वेळी पुष्टी देते आणि त्याची मर्यादाही दाखविते. 'गर्व' हा शब्द त्यांच्याविरुद्ध वापरला गेला, तो त्यांच्या स्वतंत्र बुद्धीला आवर घालण्यासाठी. येथे सेव्हिंग यांचे म्हणणे खरे ठरते. परंतु त्यांनी स्वत्वाचे रक्षण केले ते ईश्वरावलंबनाचा त्याग करून नव्हे, तर त्याचाच आधार घेऊन. लूककृत शुभवर्तमानातील मरियेच्या स्तोत्रात ईश्वर सिंहासनावरील बलवंतांना खाली आणतो आणि दीनांना उंचावतो. एकाच ईश्वरी कृतीची ही दोन अंगे आहेत. दीनांना उंचावण्याचा भाग वगळून फक्त खाली उतरण्याचा उपदेश केला जातो, तेव्हा ती शिकवण अर्धीच राहते.

निष्कर्ष

१. ख्रिस्ती शिकवणीतील अहंकार म्हणजे 'मी'चे अस्तित्व नव्हे. निर्मित जीवाने निर्मात्याचे स्थान घेणे असा त्याचा अर्थ आहे. त्यामुळे त्यावरील उपायही 'मी'चा विलय नसून नात्याची पुनःस्थापना हा आहे.

२. ऑगस्टीन यांनी विद्या, कीर्ती व सदाचरण यांच्या आड दडलेला अहंकार उघड केला. मात्र धर्मसंस्थेच्या अहंकाराची तेवढीच चिकित्सा त्यांनी केली नाही.

३. रमाबाईंनी जात्यभिमानाच्या रूपातील अहंकाराचे सामाजिक परिणाम दाखविले आणि ईश्वराधीनता व मानवी सत्तेची अधीनता यांत स्पष्ट भेद केला.

४. नम्रतेचा उपदेश कोण, कोणाला व कोणत्या स्थानावरून करतो, यावर त्याचे नैतिक मूल्य अवलंबून असते. उपदेशक स्वतः त्या उपदेशाच्या कक्षेबाहेर राहिला तर नम्रतेची शिकवण हेच अहंकाराचे सर्वांत सुरक्षित आश्रयस्थान ठरते.

हा शेवटचा मुद्दा केवळ ख्रिस्ती धर्मसंस्थेपुरता मर्यादित नाही. जेथे जेथे एक मनुष्य दुसऱ्याला त्याची पायरी दाखवितो, तेथे तेथे तो लागू पडतो. ज्ञानदानाचे क्षेत्रही त्याला अपवाद नाही. मिलानचा वक्ता आणि केडगावची पंडिता या दोघांनी आपली विद्या टाकून दिली नाही. ती आपल्याला मिळालेली आहे, आपण तिचे मालक नाही, एवढेच त्यांनी ओळखले. या ओळखीमुळे त्यांच्या विद्येचे रूपांतर सेवेत झाले, हे या दोन आत्मनिवेदनांच्या अभ्यासातून दिसून येते.